रूबेनचा चिमटा

स्वयंपाकघरात कोट घालून भांडी घासणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझी नणंद एल्डा. सिंकवरची खिडकी ती कधी पुरती लावू देत नाही. उत्तरेचा वारा सुटो, गुरांच्या टाकीवर बर्फाची साय धरो, चार बोटं फट राहिलीच पाहिजे. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच थंडीत मी ती खिडकी ओढून घेतली. एल्डाने येऊन परत उघडली. मी पुन्हा लावली, तिने पुन्हा उघडली. आमची ओळख झाली ती अशी.

आणि त्याच खिडकीत रेडिओ. सकाळच्या कॉफीआधी लागतो तो दिवे मालवताना बंद होतो. शेळ्यांचे भाव, चर्चची गाणी, पोल्काची नाचगाणी, हवामान, लागेल ते. ऐकत कुणीच नसतं. माझा नवरा मिल्टन हयात होता तेव्हा मी त्याला म्हणायचे, "तुझ्या बहिणीला खिडकी उघडी लागती, म्हंजे बाहेरचं ऐकायचं आसंल. मंग हा रेडिओ कशापायी?"

"ऐकायचंबी हाय तिला आणि न्हाईबी," तो म्हणायचा. "तू नको त्यात पडूस, लोरीन."

मी पडले नाही. या घरात काय विचारायचं आणि काय नाही हे सून लवकर शिकते.

दाराशेजारी भिंतीवर एक फळी आहे. सासऱ्यांनी, म्हणजे ऑटो पापांनी, तापल्या सळईने तिच्यावर आपलं सगळं रान काढलेलं आहे. ओढा, पवनचक्की, फाटकं, आणि ज्या ज्या झाडावर हरणांसाठी मचाण बांधलंय तिथे तारेची एक कडी. शेजारी डब्यात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, एकेकावर एकेकाचं नाव. शिकारीच्या दिवसांत मचाणावर जाणाऱ्याने आपला चिमटा त्या जागेच्या कडीला लावायचा आणि परत आल्यावर आपल्या हाताने काढायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला शिवायचं नाही. चिमटा लागलेला असेतोवर त्या अंगाला कुणी फिरकायचं नाही, ट्रॅक्टर न्यायचा नाही, हाळ्या द्यायच्या नाहीत. पापांच्या एका चुलतभावाला झुडपातलं हरीण समजून त्याच्या मेव्हण्यानेच गोळी घातली होती. कान गेला, जीव राहिला. तेव्हापासून हा नियम. माणूस वाचावा म्हणून केलेला.

त्या फळीवर दरडीच्या ओकाच्या झाडाच्या कडीला रूबेनचा चिमटा लागलेला आहे. चाळीस वर्षं उलटली. लाकूड काळं पडलं, स्प्रिंगला गंज चढला, नावातलं एक अक्षर पुसट झालं. फळीवरची धूळ मी दर शनिवारी पुसते. त्या चिमट्याच्या कडेकडेने पुसते.

रूबेन हा एल्डा आणि मिल्टनचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही, माझं लग्न तो गेल्यावर दोन वर्षांनी झालं. पण घरात त्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या जात की माझ्या स्वप्नात तो मिल्टनहून जास्त वेळा यायचा. सडपातळ, तांबूस केसांचा, जिभेला हाड नसलेला. कान तर असले तिखट, की सासूबाई त्याला "भिंतीतला उंदीर" म्हणायच्या. शेवटच्या शरदात त्याने दरडीच्या ओकावर नवं मचाण बांधलं होतं, स्वतःच्या हाताने, सीडरच्या कच्च्या फांद्यांच्या पायऱ्या ठोकून. रोज दुपारी तिथे जाऊन बसे. आणि अंधार पडता घरी आला, की जेवायला बसता बसता म्हणे, "आज पीचचा कुखन हाय न्हवं? पन साखर कमी पडली आईला."

सासूबाई थक्क. कुखनचं, म्हणजे त्या गोड केकचं, ताट अजून भट्टीतच.

एकदा भर जेवणात तो एल्डाच्या आवाजात बोलायला लागला. "न्हाई रे एर्विन, नाचाला न्हाई येनार मी. पापा बंदूक घिऊन बसल्यात." दुपारी ती टेलिफोनवर एर्विन बेकमनशी हेच बोलली होती. एल्डाने चमचा फेकून मारला. "दाराआड हुबा राहून ऐकतोस व्हय रे, मेल्या?"

"मी तर झाडावर व्हतो," रूबेन म्हणाला. "हरनं सांगत्यात मला."

सगळे हसले. दाराआडच उभा असणार, हे सगळ्यांनी धरून चाललं.

मग ती दुपार आली. सॉसेज करायचा दिवस. स्वयंपाकघर धुराने आणि लसणीने भरलेलं, म्हणून खिडक्या सताड उघड्या. सासूबाई खिम्याच्या मशीनची मूठ फिरवत होत्या, पापा मांस भरलेल्या आतड्याला गाठी मारत होते, मिल्टन गावात मीठ आणायला गेलेला. एल्डा सिंकपाशी. तिला बाहेरून काहीतरी ऐकू आलं. शेळीचं करडू ओरडावं तसं, पण शेवटी तिच्या नावासारखं वळलेलं.

"पापा, रूबेननं हाक मारली."

पापांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. "चिमटा लागलाय."

"पन मला ऐकू आलं."

"चिमटा लागलाय न्हवं? मंग गप बस. शिंगवाला नर आला आसंल त्याच्या खाली. तू गेलीस की पळंल, आन तो जल्मभर तुला बोल लावील."

एल्डा गप्प बसली. हात धुतले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी नुसती कुंपनापर्यंत जाऊन बगते." पापा म्हणाले, "नियम म्हंजे नियम, पोरी."

अंधार पडला तरी तो आला नाही, तेव्हा कंदील घेऊन गेले. मधली एक पायरी मोडून रूबेन झाडाखाली उताणा पडला होता, पाठीचा कणा तुटलेला. डॉक्टर म्हणाला, लगेच गेला असेल, नसेलही. सांगता येत नाही.

आणि भोवती हरणांचे खूर. हे मला मिल्टनने फक्त एकदा सांगितलं, तेही पाठ करून झोपल्यावर. त्याच्या चहूबाजूंनी खुरांचे ठसे होते, टोपीपाशी, बाहीपाशी. हरणांना घातलेला मका त्याच्या हाताच्या बोटांजवळचासुद्धा वेचून खाल्लेला.

पापांनी त्या ठशांनाच धरून ठेवलं. "तो हलला-बोलला आसता तर हरनं आली आसती का जवळ? हरनं आली म्हंजे पोरगं तवाच गेलं. त्यानं हाक मारली न्हाई. एल्डाला भास झाला." सासूबाईंनीही तेच धरलं, मिल्टननेही. एल्डानेही. चार जणांचं घर त्या खुरांवर उभं राहिलं. चिमटा काढायला मात्र पापांनी कुणाला हात लावू दिला नाही. "ज्यानं लावला त्यानं काढायचा," म्हणाले. ते गेले, सासूबाई गेल्या, चिमटा राहिला. आणि चिमटा लागलेला, म्हणून दरडीच्या ओकाकडे कुणीही गेलं नाही. मिल्टनने आडवी तार ठोकून गुरंसुद्धा अलीकडेच वळवली.

एर्विन बेकमनने दोन वर्षं वाट पाहिली, मग सॅन अँटोनियोला जाऊन दुसरी केली. एल्डाने शाळेची बस चालवली, अंगोरा शेळ्या वाढवल्या, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायली, पोल्काला पाय ठेका धरी पण कधी उठली नाही. तिच्या बसमधली पोरं आता आजोबा झाली. ती सांगतात, बस थांबली की मिस एल्डा इंजिन बंद करून क्षणभर बाहेर कान द्यायची, मग दार लावायची. पोरांना वाटे, कुणी मागे राहिलंय का ते बघते.

यंदा नोव्हेंबरात चुय आला. चुय आर्रेदोंदो, झाडं पाडायचं आणि चर खणायचं काम करतो. त्याचा बाप पूर्वी आमच्याकडे शेळ्या कातरायला यायचा. घराभोवतीचे ओक बघायला मीच बोलावलं होतं, कारण लॅनो नदीच्या पलीकडे रोग आल्याचं कानावर होतं. तो सकाळी सगळ्या रानात फिरून आला आणि टोपी काढून मूठभर पानं टेबलावर ठेवली.

"मिस एल्डा, तुमचं दरडीपाशीचं झाड गेलं. ह्या शिरा बगा, तांबूस झाल्यात. मर रोग हाय. मुळाला मूळ लागून पळतो ह्यो. औंदा दरड, फुडच्या उन्हाळ्यात तुमचं अंगन."

"मंग?"

"मंग मधी चर मारायचा, छातीएवढा खोल, आन पल्याडचं झाड पाडायचं. ह्याच आठवड्यात. वाट बगितली तर घरामागचं एक झाड राहनार न्हाई."

एल्डाने पानांना हात लावला नाही. "त्या झाडावर मानूस हाय," ती म्हणाली.

चुयने माझ्याकडे पाहिलं. "कोन मानूस? मी आत्ता तिथनंच आलो की."

"चिमटा लागलाय."

चुयने फळीकडे पाहिलं, वाचलं, आणि टोपी पुन्हा डोक्यावर घालायला उचलली होती ती छातीशीच धरून राहिला. त्याला बापाकडून माहीत असणार. मी मात्र त्या दिवशी तापले. घरामागच्या त्या ओकांच्या सावलीत माझं लग्नाचं जेवण झालं, मिल्टनचं शेवटचं दुखणं तिथेच खाटेवर गेलं.

"अगं, मेलेल्या झाडापायी जित्ती झाडं मारनार हाईस काय? चिमटा हाय तो! लाकडाचा! दुकानात डझनानं मिळतो!"

"मंग काढ की तू," एल्डा म्हणाली.

मी उठले. फळीपर्यंत गेले. हात वर केला. खोटं कशाला बोलू, तसाच खाली घेतला. परत येऊन बसले.

"बगितलंस?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. मग बराच वेळ रेडिओवर कुणीतरी शेळ्यांचे भाव सांगत राहिलं. शेवटी ती उठली, पापांची दुर्बीण खुंटीवरून काढली, थर्मासमध्ये कॉफी भरली. "चुय, तुजी शिडी लाव त्या झाडाला. आज दुपारी मी बसते तिथं. हरनं बगते. चिमट्याचं मंग बगू."

"मिस एल्डा, तुमचं गुडघं..."

"गुडघं माजं हाईत."

तिने आपला चिमटा शोधला. इतक्या वर्षांत तिने तो कधी लावलाच नव्हता, डब्याच्या तळाशी कोरा राहिलेला. तो तिने रूबेनच्या चिमट्याशेजारी त्याच कडीला लावला आणि बाहेर पडली.

चुय तिला झाडावर चढवून परत आला. "बसली," म्हणाला. "फळ्या अजून घट हाईत. मी तिला झाडाशी पट्टाबी बांधलाय. मला म्हनली, जा, आन हिकडं ढुंकून बगू नगंस."

मी काय केलं, तर रेडिओ बंद केला. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी तो प्रथमच बंद झाला. असली शांतता पसरली की भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हावं. चुयला मी घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकर वाढली, आणि तोंड सोडलं.

"तुज्या बापानं तुला काय सांगितलं ते सोड. मी सांगते. ह्या बाईनं त्या चिमट्यासंगं संसार केला. एर्विन बेकमनचा काय कमी व्हता? दात जरा फुडं, पन मानूस सोन्याचा. हिनं त्याला सोडलं आन चिमट्याला धरलं."

"तसं नसंल, लोरीनबाई."

"तसंच हाय. मी तिच्याशेजारी इतकी वर्सं राह्यले, पन ती माज्याशी एकटी कधी बोललीच न्हाई. सदा मधी कुनीतरी तिसरं हाय ह्या घरात."

चुय भाकर मोडत खिडकीबाहेर पाहत राहिला. वारा पडला होता. दरडीकडचा ओक इथून दिसतो, पण बोटाएवढा, मधे ओढ्याची घळ आणि बराच उतार. मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती लिहीत नाही. मिल्टनबद्दलची होती.

दिवेलागणीला चुयने जाऊन तिला उतरवून आणलं. ती आत आली ती कोट न काढताच टेबलापाशी बसली. फळीकडे गेली नाही. चेहरा चुन्यासारखा.

"थंडी भरली का? कॉफी टाकू?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "दात जरा फुडं, पन मानूस सोन्याचा."

मी किटली खाली ठेवली. आधी वाटलं चुयने सांगितलं. पण चुयचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता.

"आदी रेडिओ ऐकला," एल्डा म्हणाली. "हवामान सांगत व्हता. मला वाटलं कानात बसलाय माज्या, जल्मभर ऐकून ऐकून. मंग तू तो बंद केलास. बटनाचा आवाज आला, लोरीन. मंग तू बोललीस. मिल्टनचं म्हनलीस तेबी आलं. शेजारी बसून बोलावंस तसं. ताटात चमचा टाकल्याला ऐकू आला."

चुय हळू म्हणाला, "वारा पडला की गार हवा घळीतनं खाली सरती. आन मागं दरड हाय ओंजळीसारखी. ह्या खिडकीतनं निघाल्यालं समदं तिथं जाऊन साठत आसंल."

"तो दाराआड कधीच न्हवता," एल्डा म्हणाली. "खरंच झाडावर व्हता. हरनं सांगत्यात म्हनायचा."

मग तिने हरणांचं सांगितलं. ते तिने असं सांगितलं की मला अजून डोळे मिटले की दिसतं. रेडिओ चालू असतानाच आल्या त्या, तीन माद्या आणि एक वर्षाचं पाडस, सीडरच्या झुडपातून नाक आधी काढत. चुयने शिडी लावताना मूठभर मका टाकला होता, त्यावर आल्या. रेडिओतला माणूस बोलत होता आणि त्या खात होत्या. रेडिओ बंद झाला तेव्हा मात्र माना वर झाल्या. सगळ्यांच्या एकदम, घराकडे. "शांततेला बुजल्या त्या," एल्डा म्हणाली. "मान्साच्या आवाजाला न्हाई." मग माझं बोलणं सुरू झालं तशा पुन्हा खाली वाकल्या.

"मी खोकले. एक मादी मान उचलून परत खायला लागली. मंग मी बोलले. साधंच, आज थंडी हाय, आसं कायतरी. न्हाई पळाल्या. मंग मी त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं. हाक मारतात तसं. पाडस माज्या बुडाखाली आलं, शिडीपाशी. हातातली कॉफी सांडली आसती तर त्याच्या पाठीवर पडली आसती."

मला कळायला एक क्षण लागला. त्या हरणांच्या आया, आज्या, पणज्या याच घराचे आवाज ऐकत त्या झाडाखाली चरलेल्या. सासूबाईंचं मशीन, पापांचं खाकरणं, टेलिफोनवरची एल्डा. त्यांना माणसाच्या आवाजाची भीती कधी नव्हतीच. तो ओरडला असता तरी त्या आल्या असत्या. त्याच्या बाहीशेजारचा मका खाल्ला असता, तो ओरडत असताना.

खूर निघून गेले घराखालून.

"हितनं तिथं जातं, तर तिथनं हितंबी येतं," एल्डा म्हणाली. "मी ऐकलं ते त्याचंच व्हतं. मला ठावं व्हतं, लोरीन. खिडकी त्याच्यासाठी ठेवली. रेडिओ माज्यासाठी."

"एल्डा, अगं तू विचारलंस की. दोनदा विचारलंस. पापांनी..."

"तेच तर." तिचा हात टेबलावर सपाट पडला. "मी विचारलं ते त्यानं ऐकलं. पापा म्हनले चिमटा लागलाय, तेबी ऐकलं. नियम म्हंजे नियम, पोरी, हेबी. आन मंग मी गप बसले. माजं गप बसनं त्यानं ऐकलं. नळाचं पानी ऐकलं. म्हनून त्यानं दुसरी हाक न्हाई मारली. शहाना व्हता तो. नियम त्यालाबी पाठ व्हता."

चुयने छातीवर क्रूस काढला. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही दोघी एकमेकींना मिठ्या मारणाऱ्यांतल्या नव्हे. मी तिच्या कोटाची बटणं काढली, एकेक, आणि कोट खुंटीला लावला. खिडकीला हात लावला नाही.

जेवण कुणालाच गेलं नाही. चुय निघताना उंबऱ्यात घुटमळला. "मिस एल्डा, झाडाचं काय करू?"

"उद्या दुपारी ये," ती म्हणाली. "ह्याच वक्ताला, वारा पडल्यावर. लोरीनला घिऊन झाडाखाली हुबा ऱ्हा. मी हितं आसन." मग माझ्याकडे वळली. "तू नीट ऐक. बाकी काय करू नगंस. नुसतं ऐक, आन मंग येऊन सांग मला, पोचलं का."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या तारेखालून वाकून पलीकडे गेले. जमीन तशीच, सीडर, खडक, निवडुंग. तरी पाय जपून पडत होते, कुणाच्या माजघरातून जावं तसे. ओक मोठा, एका अंगाने वाळलेला, तांबूस पानांचा सडा. खोडावर जुन्या पायऱ्यांच्या खुणा होत्या, त्यांतली मधली नव्हती. चुयची शिडी कालपासून तिथेच टेकलेली. वर मचाण. मी त्याकडे पाहिलं नाही. चुयने टोपी काढली.

रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता. कुणीतरी पोल्का वाजवत होतं. खरंच शेजारी ठेवल्यासारखा. सीडरमधून माद्या आल्या, कालच्याच असाव्यात, पाडस पुढे. आम्हाला पाहून थबकल्या आणि मग, आम्ही जणू खुंट आहोत अशा, चालत आल्या.

बटणाचा आवाज झाला. पोल्का तुटला. हरणांच्या माना वर झाल्या.

मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला. पाणी थोडा वेळ वाहिलं. नळ बंद झाला.

"पापा, रूबेननं हाक मारली," एल्डाचा आवाज आला. म्हातारीचा आवाज, पण त्यातला हट्ट बावीस वर्षांच्या पोरीचा. मधे रिकामं राहिलं, जेवढ्यात पापांचं बोलून होईल तेवढं. मग ती म्हणाली, "चिमटा लागू दे न्हाईतर न लागू दे. मी चालले." खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. "रूबेन, मी ऐकलं रे. मी आले. तू हलू नगंस, मी आले."

आणि नंतर एक बारीक आवाज आला, गंजल्या स्प्रिंगचा, लाकडावर लाकूड सुटल्याचा. चुय म्हणतो त्याला काही आला नाही. एवढ्या लांबून चिमटा ऐकू येणं शक्य नाही हे मलाही कळतं. पण मी ऐकला.

त्याच वेळी हरणांनी वर पाहिलं. हरीण सहसा वर पाहत नाही, म्हणून तर माणसं झाडावर बसतात. त्या चौघींनी मचाणाकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या माना हळूहळू खाली उतरत गेल्या, शिडीच्या कडेने, एकेक पायरी. पाडस दोन पावलं मागे सरलं, वाट द्यावी तसं.

मी चुयच्या बाहीला धरलं. त्याची करवत गाडीत होती. तो तिकडे गेला नाही.

"पाठ कर, लोरीनबाई," तो कुजबुजला. "उतरताना कुनी बगितलं की मान्साचा पाय घसरतो."

आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. समोर घर, त्याची एक खिडकी, चार बोटं उघडी. एल्डाने तीच खिडकी ओढून, खिट्टी घालून, बंद केल्याचं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने जाळीचं दार उघडल्याचं. एल्डा पायऱ्या उतरून आमच्याकडे यायला लागली होती, कोटाशिवाय, हात थोडे पुढे धरून, अंधारात कुणाचा हात धरायला जावं तशी.

तिला सांगायला मी तोंड उघडलं, तर ती लांबूनच म्हणाली, "पोचलं. ठावं हाय मला." आणि आमच्या शेजारून झाडाकडे गेली.

शिडी काढायला चुय पुढे झाला, तर तिने हाताने थांबवलं. "आजची रात ऱ्हाऊ दे ती तिथं," म्हणाली. "उद्या पाड झाड."